डहाणूच्या इतिहासाची खोली

गावाचा इतिहास गोळा करायला निघावं आणि पदरात किस्सेच पडावेत, असं आमचं झालं! आमचं म्हणजे तिघांचं: निवृत्त सावे सर, चिकूवाल्या नर्गिसबाई आणि मी. डहाणूच्या जुन्या वस्तू, फोटो ठेवायला आम्हाला वाचनालयाची वरची रिकामी खोली कायमची हवी होती.

वाचनालयाचे अध्यक्ष म्हणाले, "आधी खालच्या हॉलमध्ये एक दिवस प्रदर्शन भरवून दाखवा. चार वाजता मी येतो. दम दिसला तर खोली तुमची. नाहीतर तिथे कॅरम!"

सरांची झोपच उडाली.

*

धाकट्या डहाणूच्या हेमामावशींकडे त्यांच्या सासऱ्यांचं वल्हं मागितलं.

"न्या, पण मी पण येणार. तुमचा काय भरवसा?"

प्रदर्शनाच्या दिवशी मावशी सकाळपासून वल्ह्याशेजारी खुर्ची टाकून बसल्या. दुपारी त्यांचे यजमान आले आणि वल्हं खांद्यावर टाकून निघाले!

"अहो, तीन पिढ्यांचा ठेवा आहे हा!" सर ओरडले.

"भरती लागली, सर. होडी काय हाताने चालवू?"

*

नर्गिसबाईंनी जुन्या बाजाराचे फोटो लावले होते. नरपडचे एक आजोबा एका फोटोसमोर थबकले. "आ तो मारा बापुजी!" म्हणत त्यांनी तो खिळ्यावरून काढलासुद्धा. सर आडवे गेले.

नर्गिसबाई म्हणाल्या, "अरे सर, तो आपल्या बापाला घरी नेते, तुमचा काय जाते?"

झालं! बाकीच्यांनीही आपापले आजोबा, काका भराभर उतरवले.

*

चार वाजता अध्यक्ष आले. भिंतीवर नुसते खिळे!

"कॅरमच बरा," ते म्हणाले. सरांचा चेहरा बघून मला रडूच आलं.

उरला होता फक्त तारपा, तलासरीच्या पाड्यावरून लाडकाकांनी आणलेलं ते भोपळ्याचं लांबलचक वाद्य. वर सरांची पाटी: 'हात लावू नये'.

कोपऱ्यातून काकांनी विचारलं, "सर, दिवसभर हात नाय लावला. आता लावू का?"

"काका, ती पाटी तुमच्यासाठी नाही हो!"

काकांनी फुंक मारली. व्हरांड्यात फोटो काखेत धरून गप्पा मारणारी सगळी माणसं आत घुसली, मागून बाहेरचे रिक्षावालेही. एकमेकांच्या कमरेला हात घालून तारपा नाचाची रांग फिरू लागली. मावशींनी अध्यक्षांनाच ओढलं! काका काही थांबेनात, रांग काही सुटेना. अध्यक्ष घामाघूम.

"सावे सर, दिली खोली! आता तरी सोडायला सांगा!"

"आधी किल्ली!" त्यांच्या कमरेला घट्ट धरून नाचणारे सर म्हणाले.