जर्किन आणि मृदंगाची खुंटी

चामड्याचं घ्यायचं की कापडाचं, एवढाच प्रश्न होता. पण त्या दिवसांत मला एका जागी बसवत नव्हतं. भात ठेवायचा आणि गॅलरीत जायचं, परत यायचं, झाकण काढून बघायचं, पुन्हा गॅलरीत. सासूबाई म्हणायच्या, "गो, भात काय पळान जातलो?"

भात पळणार नव्हता. मला खालून फटफटीचा आवाज हवा होता.

आम्ही लालबागला चाळीत राहायचो. गिरण्यांचा संप कधी मिटला ते आम्हाला कळलंच नाही. गिरणीने ह्यांना परत बोलावलं नाही, एवढं कळलं. हे साचेखात्यात होते, मागावर. कुणाचंही धोतर, पडदा, पिशवी हातात आली की अंगठ्याने चोळून बघायची सवय, ती गिरणी गेली तरी गेली नाही. मग फोर्टातल्या एका कचेरीत काम मिळालं. पाकिटं, पार्सलं फटफटीवरून पुण्याला न्यायची आणि तिकडची इकडे आणायची. जन्मभर गिरणीत पायी गेलेला माणूस, शिवडीच्या रस्त्यावर मित्राच्या गाडीवर शिकला आणि रोज घाट चढू लागला.

एक दिवस घाटात खडी पसरली होती, तिच्यावर गाडी घसरली. हाडं शाबूत राहिली. पण डावा हात कोपरापासून मनगटापर्यंत सोलून निघाला आणि शर्टाची बाही जखमेत रुतून बसली. मोरीत बसवून, वरून कोमट पाणी घालून मी ती सोडवली. एकेक धागा. हे दात आवळून म्हणाले, "आपल्याच गिरणीचं कापड आहे. बघ कसं चिवट." मला हसू आलं नाही.

कचेरीचे शेठ म्हणाले, एक जर्किन घेऊन देतो, चामड्याचं नाहीतर जाड कापडाचं, हवं ते बघून या. ही बातमी गॅलरीत पोचायला वेळ लागला नाही.

"काय रे, हिरो होणार?" शेजारचे भाऊजी.

"हिरो कसला? चामड्याचं घातलं तर पोरगी पळवणारा दिसेल," दुसरे म्हणाले. "वहिनी, सांभाळा हो!"

मी पदर सारखा करून आत गेले. मला चारचौघांत बोलता येत नाही, तेव्हा तर अजिबात नाही.

आत सासूबाई बसल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. "घरात कातडा येवचा नाय," त्या म्हणाल्या. एकच खोली, तिच्यातच देवाची फळी. चपला उंबऱ्याबाहेर काढायच्या. हे जेवायला बसताना कमरेचा पट्टासुद्धा बाहेर खिळ्याला अडकवून यायचे. तिथे आख्खं चामड्याचं जर्किन कुठे ठेवणार?

"आई, कापडाचंच घेणार आहे मी," हे म्हणाले. "आयुष्यभर कापड काढलं, आता कातडं घालू?"

दुकान भायखळ्याला होतं. ह्यांच्या हाताला पट्टी, बाहीत हात घालायला माणूस हवा, म्हणून मला नेलं. दुकानात दोन्ही प्रकार टांगलेले. चामड्याचं ह्यांच्या खांद्यावर चढवलं तर मलाच त्याचं ओझं वाटलं. कोपरावर आणि खांद्यावर दुहेरी थर होता. नव्या चपलेचा वास येत होता. कापडाचं हलकं. दुकानदाराने त्याच्यावर पेल्यातलं पाणी ओतून दाखवलं, पाणी घरंगळून खाली गेलं. "रात को धो डालो, सुबह पहन लो," तो म्हणाला.

हे खूश झाले. कापड अंगठ्याखाली धरून चोळू लागले. वीण बघितली, आतून बघितलं. मग, कुणी काही म्हणायच्या आत, खालच्या दुमडीतून एक धागा ओढला आणि खिशातली काडेपेटी काढून पेटवला. गिरणीतली माणसं असंच करायची. सूत जळलं की राख पडते, बोटावर उडून जाते.

हा धागा जळला नाही. वितळला. काळा थेंब झाला आणि ह्यांच्या अंगठ्याला चिकटला. ह्यांनी झटकला, निघेना. नखाने ओढला तेव्हा खालचं सालटंही आलं.

"अरे चाचा, पागल है क्या! जलाने के लिए है या पहनने के लिए?" दुकानदार ओरडला.

"भाई, ये सूत नहीं है."

"सूत चाहिए तो बनियन लो!"

दुकानातली गिऱ्हाइकं हसली. मी त्या अंगठ्याकडे बघत होते. दुकानदार रागावला तरी माणूस खरा निघाला. चामड्याच्या बाहीवर हात मारून म्हणाला, "बारिश में ये तकलीफ देगा. लेकिन गिरोगे तो ये घिसेगा, आप नहीं." हे म्हणाले, शनिवारी येऊन कापडाचं नेतो.

परत येताना हे अंगठा मुठीत दाबून चालले होते. मी विचारलं, "दुखतंय?" म्हणाले, "छे."

घरी आले. डाळ निवडायला घेतली आणि निवडलेली डाळ पुन्हा न निवडलेल्यात ओतली. डोळ्यांसमोर तेच. पुन्हा खडी, पुन्हा डावा हात, आणि ह्या वेळी मोरीत बसून मी ओढतेय ते सुताचे धागे नाहीत. तो थेंब. पाणी घालून तो सुटणार नव्हता. हे सांगायचं कुणाला? ह्यांना ठाऊकच होतं. ते आईपुढे आणि स्वतःच्या कापडापुढे गप्प होते.

शुक्रवारी दिवेलागणीला सासूबाई फळीपुढे उभ्या राहिल्या. फळीच्या बाजूला खुंटीवर सासऱ्यांचा मृदंग होता. सासरे भजनात वाजवायचे. ते गेल्यापासून सासूबाई रोज दिवा लावायच्या आधी तो पदराने पुसायच्या. मी इतकी वर्षं ते बघत आले होते. त्या संध्याकाळी त्यांचा पदर मृदंगाच्या तोंडावरून फिरला आणि मला वाटलं, माझ्या छातीतच कुणी थाप मारली.

"आई," मी म्हटलं, "मृदंगाला काय लावलंय?"

त्या वळल्या. हे पेपर घेऊन बसले होते, त्यांनी पेपर खाली केला.

"काय म्हणतंस?"

"मृदंगाला. दोन्ही बाजूंनी. कापड आहे?"

सासूबाईंचा चेहरा लाल झाला. "तो देवाचो आसा."

"आणि हे कोणाचे?"

इतकंच बोलले. मग मोरीत जाऊन धुतलेली भांडी पुन्हा धुतली. सासूबाईंनी दिवा लावला. जेवताना त्यांनी मला वाढ म्हणून सांगितलं नाही, स्वतः वाढून घेतलं.

सकाळी ठोकण्याच्या आवाजाने मी वळून बघितलं. सासूबाई स्टुलावर चढून बत्त्याने भिंतीत खिळा मारत होत्या. मृदंग एका बाजूला सरकवला होता. "हयसर टांग," त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "भुईर ठेवू नको."

चामड्याचं जर्किन आलं म्हणून माझा जीव थाऱ्यावर आला असं मात्र झालं नाही. पावसाळ्यात ते एकदा भिजलं की सुकता सुकत नसे. एका सकाळी तसंच जड ओलं खिळ्यावर राहिलं आणि हे साधा रेनकोट घालून पुण्याला गेले. मी दिवसभर त्या रिकाम्या बाह्यांकडे बघत होते. संध्याकाळी राहवेना, काढून शेगडीजवळ धरलं.

"लांब धर गो! कातडा आवळता," सासूबाई ओरडल्या. त्यांनी ते माझ्या हातातून घेतलं, मांडीवर पसरलं आणि फडक्याने टिपू लागल्या. जशा मृदंग पुसायच्या तशाच, कडेकडेने. मग खोबरेल मागितलं. तेल लावता लावता मान वर करून विचारलं, "आवाज इलो काय?"

"नाही अजून."

मी गॅलरीत गेले, परत आले. त्यांनी दुसरी बाही घेतली. पुन्हा विचारलं. भात खाली लागला, त्याचा वास सुटला, पण दोघींपैकी कुणी तिकडे वळलं नाही.

शेवटी खाली फटफटी वाजली आणि बंद पडली. सासूबाईंनी डाव्या कोपराची जागा दाबून बघितली. "ओला आसा अजून. उद्या सुकला नाय तर जावू नको म्हणान सांग तेका."

"तुम्ही सांगा."

"तूच सांग. आता तुका बोलूक येता."

जिन्यावर पावलं वाजायला लागली. मी दारात उभी राहून ते वाक्य मनात जुळवू लागले.