आप्पांना एक गाणं गायचं होतं

मोहदरीच्या घाटात आमची एसटी बंद पडली, तेव्हाच मी ओळखायला हवं होतं. भर उन्हात सगळे उतारू रस्त्याकडेला उभे, आणि मी बसच्या पोटातल्या पेटीची काळजी करत होते. मिरजेहून ही पेटी मी इतक्या लांब आणली ती एकाच गाण्याच्या साथीसाठी.

गाणं आप्पांचं. नाशिकचे आप्पा बँकेतून निवृत्त झालेले, आणि माझे एस्परांतोचे गुरू. सगळ्या देशांच्या माणसांना एकमेकांशी बोलता यावं म्हणून मुद्दाम घडवलेली ही भाषा. मला त्यांनी ती फोनवरून शिकवली. त्यांच्या आईची अंगाई त्यांनी या भाषेत उतरवली आणि मी तिला भूपात चाल दिली. 'दोर्मू, दोर्मू, एता बिर्दो' (नीज, नीज, इवल्या पाखरा). शब्द स्वरांवर संपतात, त्यामुळे गाताना गळा मोकळा सुटतो. रविवारच्या मेळाव्यात आप्पा ते स्वतः गाणार होते. मंगळवारी त्यांचं ऑपरेशन होतं. गळ्याचा कॅन्सर, स्वरयंत्र काढायचं होतं.

नाशिकला द्वारका चौकात उतरून रिक्षा केली. रिक्षावाल्याने पेटी पाहून विचारलं, "भजनाला चाल्ल्या का ताई?"

मी मेळाव्याचं सांगितलं. तो विचारात पडला. "मंग ही भाषा हाय कोन्या देशाची?"

"कुठल्याच नाही."

"मंग लय बेस. मालकच नाय म्हनल्यावर भांडन नाय."

मीही मान डोलावली. किती भाबडे होतो आम्ही दोघं!

गंगापूर रोडवरच्या घरी काकूंनी, म्हणजे आप्पांच्या पत्नीने, मिसळ मागवली होती. सोबत पापड, दही आणि वर जिलबी. नाशिककरांना यात काही विशेष वाटत नाही. आप्पांना तिखट बंद होतं. ते मऊ भात गिळत माझ्या ताटाकडे बघत होते. डॉक्टरांनी कमी बोलायला सांगितलं होतं, यांनी सरळ मौनच धरलं होतं. संध्याकाळी आम्ही गंगेवर (गोदावरीला इथे गंगाच म्हणतात) फिरायला गेलो, तेही खाणाखुणा करत.

रविवारी सकाळी स्वयंपाकघरात चहा उकळत असताना आप्पांनी पहिली ओळ हळूच म्हणून पाहिली. आवाज बसका होता, पण सुरात होता. काकू गॅस बारीक करून तशाच उभ्या राहिल्या. "लागला हो आवाज," त्या म्हणाल्या. आप्पांनी लगेच तोंडावर बोट ठेवलं. उरलेला आवाज त्यांना मेळाव्यासाठी जपून ठेवायचा होता.

मेळावा एका मंगल कार्यालयाच्या छोट्या हॉलमध्ये होता. माणसं पुरती वीसही नव्हती, पण त्यांत दोन तट होते. एस्परांतोत सुधारणा हव्या म्हणून पूर्वी काही लोक वेगळे झाले आणि त्यांनी इडो काढली. एस्परांतोत इडो म्हणजे अपत्य. आमच्याकडे वेगळ्या चुली मांडतात, तशीच ही वेगळी झालेली भाषा. नाशिकच्या इडोवाल्यांचे म्होरके नाना. ते निवृत्त इंजिनिअर आणि आप्पांना 'वसंता' म्हणणारे त्यांचे शाळेपासूनचे मित्र. त्यांनी तीच अंगाई इडोत करून आणली होती. 'दोर्मेझ, मिक्रा उत्सेलो.' पाखरू तेच, नीज तीच, चालही माझीच.

प्रश्न एवढाच होता, की आरंभी कोणतं गाणं म्हणायचं.

"पहिला मान मूळ भाषेचा," एक जण म्हणाला. "मान सुधारलेल्या भाषेचा," दुसरा म्हणाला. कोणी म्हणालं, एक कडवं यातलं, एक त्यातलं. मग पहिलं कडवं कोणाचं? त्यासाठी तिथल्या तिथे समिती नेमली, आणि समितीतही समसमान माणसं घेतली. सगळ्या जगाने कोणती भाषा बोलावी यावरचं हे भांडण अस्सल मराठीत चाललं होतं, आणि फार राग आला की इंग्रजीत. मी पेटी उघडून बसले होते. एकदा उगीच षड्ज धरला, तर अध्यक्षांनी हातानेच थांबवलं.

काकू माझ्या कानाशी लागल्या. "कुंभात साधूसुद्धा मानावरून भांडतात गं. पण ते शेवटी आंघोळ तरी करून जातात."

आप्पा तोंडावर बोट ठेवून बसले होते.  मग नाना उठले आणि गोड आवाजात म्हणाले, "वसंताचं गाणं छानच आहे. भाषा तेवढी सदोष आहे, त्याला तो तरी काय करणार?"

आप्पा ताडकन उठले. काकूंनी सदरा ओढला, मी "आप्पा, नको" म्हटलं. पण दोन दिवस साठवलेला आवाज बांध फुटावा तसा बाहेर आला. ते बोलले, मग ओरडले. नाना उत्तर देत गेले आणि आप्पा आणखी चढत गेले. मुद्दे बिनतोड होते, पण माझं मुद्द्यांकडे लक्ष नव्हतं. प्रत्येक वाक्यागणिक आवाज चिरत होता आणि मला तो ऐकवत नव्हता. शेवटी कार्यालयाची माणसं दुपारच्या साखरपुड्याच्या खुर्च्या मांडायला आली आणि आम्हाला उठावं लागलं. गाणं कोणतंच झालं नाही. जेवणाच्या पंगतीत मात्र दोन्ही तट मांडीला मांडी लावून बसले.

संध्याकाळी मी घरी पेटी काढली, काकूंनी फोन रेकॉर्डिंगला लावला. आप्पांनी तोंड उघडलं. नुसती खरखर आली. सोमवारीही तेच. मला त्या सगळ्यांचा संताप आला, आणि सर्वांत जास्त आप्पांचा.

ऑपरेशन नीट झालं. मी निघण्याआधी दवाखान्यात गेले. आप्पांच्या गळ्यात नळी होती, डोळे उघडे होते. तेवढ्यात काकूंचा फोन वाजला. मेळाव्याच्या ग्रुपवर समितीचा निरोप आला होता, त्यांनी तो मोठ्याने वाचला. पुढच्या मेळाव्यात पहिला मान आप्पांच्या गायनाला, ठराव एकमताने मंजूर.

"वरातीमागून घोडं," काकू म्हणाल्या आणि फोन पालथा ठेवला. आप्पांचे खांदे हलले. ते हसत होते की काय, ते कळायला आता आवाज नव्हता.

बाहेर बाकावर नाना बसले होते. हातात शहाळं होतं, पण आत जायचा धीर होत नव्हता. ठराव त्यांनीच मांडला होता. मी पुढे निघाले, तर त्यांनीच हाक मारली.

"नीलाताई, हॉलमधून निघताना तो मला शेवटचं काय म्हणाला, ऐकलंत?"

"नाही."

"म्हणाला, नाना, आता तू गप्प बस." शहाळं त्यांनी या हातातून त्या हातात घेतलं. "आणि मी जिन्यात त्याला आणखी एक मुद्दा सांगितला."

परतीची एसटी कुठेही बंद पडली नाही. शेजारच्या बाईंनी विचारलं, कशासाठी गेला होतात नाशिकला? मी म्हटलं, देवदर्शनाला. जगभरच्या माणसांना एकमेकांचं बोलणं समजावं म्हणून आम्ही तिथे जमलो होतो, हे त्यांना कोणत्या तोंडाने सांगणार होते?