टाकीतला गाळ

"मॅडम, बघा, तळ दिसतोय!" फिलिप गायकवाड अभिमानाने म्हणाले. मी टाकीत डोकावले. तळ खरंच दिसत होता.

गायकवाड गुरुग्रामपलीकडच्या एका छोट्या वायनरीत वाइनमेकर होते. मूळचे नाशिकचे. द्राक्षंही तिकडूनच रेफ्रिजरेटेड ट्रकने यायची. मी त्यांच्या ईटीपीची, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्लांटची, कन्सल्टंट. दिल्लीतल्या आर. के. पुरमहून अधूनमधून चक्कर मारायची. मराठी बोलायला मिळतं म्हणून आम्ही दोघंही खूश असायचो.

वायनरीचं सांडपाणी दिसतं गुलाबी, निरुपद्रवी. पण त्यात साखर आणि आंबटपणा भरपूर. तसंच तळ्यात सोडलं, तर पाण्यातला प्राणवायू संपतो आणि तळं सडतं. म्हणून ते आधी एरेशन टँकमध्ये घेतात. तिथे हवा सोडली, की तपकिरी गाळातले बॅक्टेरिया ती साखर खाऊन टाकतात. प्लांट म्हणजे खरं तर तो गाळच. बाकी नुसतं सिमेंट आणि पाइप.

तो गाळ गायकवाडांनी टँकर बोलावून काढून टाकला होता. वर टाकी ब्लीचिंग पावडरने घासून स्वच्छ पाण्याने भरली होती. कारण उद्या प्रदूषण मंडळाचं इन्स्पेक्शन होतं.

"अहो, हे काय करून बसलात!"

"वाइनच्या सेलरमध्ये मी बोटभर घाण खपवून घेत नाही. जंतू मारण्यातच आयुष्य गेलं, मॅडम. मला वाटलं, इथेही तसंच."

मला संताप आला, आणि त्यांची दयाही. सीझन ऐन भरात होता. द्राक्षांचे दोन ट्रक गेटवर उभे होते. त्या द्राक्षांची लाल वाइन करायची म्हणून गायकवाड स्वतः बागेत जाऊन घड निवडून आले होते. इतक्या वर्षांचं त्यांचं स्वप्न होतं ते.

एवढ्यात मालक आले. "दो-चार दिन नाले में छोड़ देते हैं. किसे पता चलेगा, यार?"

"नाला गाँव के जोहड़ में जाता है," मी म्हणाले. जोहड म्हणजे गावतळं. "सारे जानवर वहीं पानी पीते हैं. बिल्कुल नहीं. क्रशिंग बंद कीजिए. पास की डेअरी के प्लांट से गाळ मँगवाते हैं, उसे जमने में हफ्ते लगेंगे." घाईत 'गाळ' मराठीतच तोंडून गेला, पण मालकांना कळलं.

"और ये अंगूर?"

मी गायकवाडांकडे पाहिलं. ते ट्रककडे वळले. मग म्हणाले, "गलती मेरी है, सर. माल नहीं उतरेगा."

द्राक्षं ज्यूसवाल्याकडे गेली. इन्स्पेक्शनमध्ये नोटीस मिळाली ती मिळालीच. डेअरीचा गाळ आला, तेव्हा वायनरीभर वास सुटला. पांढरा कोट घातलेल्या गायकवाडांनी तो टाकीत सोडताना पाइप स्वतः धरला होता.

लाल वाइन त्या वर्षी झालीच नाही. जोहडावरच्या म्हशींना मात्र यातलं काही कळलं नाही. आमच्या धंद्यात यश म्हणतात ते एवढंच.

तेव्हापासून इन्स्पेक्शन ठरलं, की मी क्लायंटला आधी फोन करते: गेट रंगवा, झाडं लावा, टाकीला हात लावू नका.