हजार रेघांची वाट पाहताना

टीव्हीच्या दुकानात सेट दुरुस्तीला आला की त्याच्याबरोबर एखादा किस्साही येतो. सेट दुरुस्त होऊन घरी जातो, किस्सा मात्र दुकानातच राहतो. मी वीस-बावीस वर्षं काउंटरवर बसले. माझ्याकडे किती साठले असतील, तुम्हीच बघा! परवा भिशीला मैत्रिणींना दोन-तीन सांगितले, तर त्यांनी मला उठूच दिलं नाही. "लिहून काढ," म्हणाल्या. माझं शिक्षण दहावीपर्यंतचं, आणि दुकानातल्या तक्रारवहीपलीकडे मी कधी काही लिहिलेलं नाही. तेव्हा ही तक्रारवहीच आहे असं समजून वाचा.

आमचं दुकान कराडात, म्हणजे साताऱ्याच्या आणि सांगलीच्या मधोमध. गिऱ्हाईक दोन्हीकडचं. आमचे हे दुरुस्ती करायचे, मी तक्रारी लिहून घ्यायची आणि बबनभाऊ लोकांच्या छपरावर चढून अँटेना बसवायचे. सगळं सुरळीत चाललं होतं. पण नव्वद सालानंतर कधीतरी ह्यांच्या हाती एक इंग्रजी मासिक पडलं आणि त्यात ह्यांनी वाचलं, की जपानात हाय डेफिनिशन टीव्ही सुरू होतोय.

झालं! त्या दिवसापासून आमच्या घरात एकच विषय. "आपल्या चित्रात सहाशे पंचवीस रेघा असतात. त्यात हजाराच्या वर! पडद्यावर मुंग्या नाहीत, सावल्या नाहीत. काचेतून बघितल्यासारखं चित्र!"

"मग आपल्याकडे कधी येणार?" मी विचारलं.

"आलंच आता. दोन वर्षं. फार तर तीन."

हे उत्तर मी पुढची दहा वर्षं ऐकलं.

*

मूळचे वाईचे एक गुरुजी होते, बदली होऊन कराडला आलेले. मुलगी सहावीत होती, तिच्या हट्टापायी ते रंगीत टीव्ही घ्यायला आले. सेट पसंत केला. मी पावती पुस्तक उघडलं, तेवढ्यात हे आतून आले.

"गुरुजी, घाई करू नका. हजार रेघांचं येतंय. उगाच जुनं घेऊन बसाल!"

गुरुजींना ते पटलं. आभार मानून गेले बिचारे. सासूबाई आतून म्हणाल्या, "गिऱ्हाईक दारातून परत पाठवायची कला माझा लेक कुठं शिकला कोण जाणे!"

गुरुजी मात्र शब्दाला पक्के. दर दिवाळीला दुकानात डोकावायचे. "आलं का?" "पुढच्या वर्षी, गुरुजी." मग फराळाला या म्हणायचे आणि जायचे. अशा किती दिवाळ्या गेल्या! एका वर्षी मात्र आत येऊन बसलेच.

"दादा, आज मी सेट घेऊनच जाणार. काय रेघा असतील तेवढ्या असू देत."

"का हो? एवढे थांबलात, आता थोडक्यासाठी..."

"ज्या मुलीसाठी घेणार होतो ना, तिचं लग्न झालं. परवा नवऱ्याला घेऊन आली, तर जावई हळूच तिला विचारतो, 'तुझे वडील टीव्हीच्या विरोधात आहेत का?'"

*

बबनभाऊंचा हा किस्सा अजून कराडात सांगतात.

कडेगावकडच्या एका ऊसवाल्या पाटलांकडे अँटेना बसवायला गेले होते. रविवारची सकाळ, घरात मालिका बघायला सगळी आळी जमलेली. भाऊ छपरावर पाईप फिरवतायत, अंगणात सून उभी, आत पाटील.

"आलं का?"

"मुंग्या हायत!"

"आता?"

"आलं, आलं! लय झ्याक! हलू नका!"

भाऊंनी पाईप पक्का केला आणि हात काढला. परत मुंग्या! हात लावला की चित्र स्वच्छ, काढला की मुंग्या. तीनदा तसंच झालं. शेवटी पाटील स्वतः अंगणात आले आणि वर बघून म्हणाले, "बबनराव, आवं, अर्ध्या तासाचा तर कार्यक्रम हाय. तुमी तसंच धरून उभं ऱ्हावा की!"

भाऊ भिडस्त. राहिले उभे. शिडीवरून त्यांना चहा पोचला, मागून कांदाभजी. खाली सगळे टीव्हीत बुडालेले. पंधरा मिनिटांनी सून बाहेर आली आणि पदर सावरत म्हणाली, "भाऊ, आता सोडा हात. जाहिराती चालू झाल्यात!"

*

आता गजरामावशींबद्दल सांगते.

मावशी कडेगावच्या पुढच्या एका खेड्यातल्या. नवरा गेलेला, एकुलता मुलगा संपत पलटणीत. एका सव्वीस जानेवारीला त्या पहिल्या एस.टी.नं कराडात उतरल्या आणि विचारत विचारत आमच्या दुकानात आल्या. हातात एक आंतर्देशीय पत्र आणि पदरात भुईमुगाच्या शेंगा.

"बाई, एवढं वाचून दावा."

मी वाचलं. संपतनं लिहिलं होतं, की दिल्लीच्या परेडसाठी माझी निवड झाली आहे, मी तिसऱ्या ओळीत असेन.

"आमच्या गावच्या टीव्हीत नुसत्या मुंग्या. मानूस कुठला आन घोडं कुठलं, कळत न्हाई. तुमच्याकडं नीट दिसतंय म्हनं."

आमच्याकडेही तेव्हा काही फार बरं दिसत नव्हतं, पण ह्यांनी सगळ्यात मोठा सेट लावला. मावशी पार काचेला नाक लावून बसल्या. पलटण आली आणि गेली. टोप्या तेवढ्या दिसल्या, तोंडं दिसली नाहीत. मावशींनी अंदाजानं एका टोपीवर बोट ठेवलं. "ह्यो माजा संपत! ह्योच न्हवं, दादा?"

हे म्हणाले, "व्हय मावशी, तोच."

जाताना त्या दारात घुटमळल्या. "तोंड दिसलं असतं तर बरं झालं असतं. दोन वरसं झाली बघून."

मग काय, ह्यांनी त्यांना हजार रेघा समजावून सांगितल्या. "मावशी, ते आलं की मिशीचा केसन् केस दिसेल!"

"कवा येनार?"

"पुढच्या वर्षी."

तेव्हापासून दर सव्वीस जानेवारीला मावशी यायच्या. शेंगा काउंटरवर ठेवायच्या आणि पहिला प्रश्न, "दादा, ते काचेवानी टीव्ही आलं का?" लेकाला एकदा डोळाभर चालताना बघायचं, एवढंच मागणं. गुरुजींना 'पुढच्या वर्षी' म्हणताना ह्यांना काही वाटायचं नाही. मावशींना म्हणताना मात्र मान खाली जायची.

*

महाबळेश्वरला ह्यांच्या शाळेतल्या मित्राचं छोटं हॉटेल. पावसाळ्यात तिथे दमटपणा एवढा, की टीव्हीवर घोंगडं पांघरून आत बल्ब पेटता ठेवायचे. एका पावसाळ्यात हे सेट दुरुस्त करायला गेले होते, तेव्हाची गोष्ट. मुंबईचे एक साहेब खोलीतून तरातरा खाली आले.

"काय टीव्ही आहे तुमचा! चॅनेल कुठलंही लावा, नुसतं पांढरं दिसतंय. धुकं दिसतंय धुकं!"

मित्र शांतपणे म्हणाला, "साहेब, खिडकी उघडून बघितलीत का?"

"बघितली की! तिथेही तेच!"

"मग झालं तर! आमचा सेट जे आहे तेच दाखवतो!"

हे घरी येऊन पोट धरून हसले. आणि लगेच गंभीर होऊन म्हणाले, "हजार रेघांवर धुकंसुद्धा काय दिसेल नाही?"

*

माझी नणंद आटपाडीला दिली आहे. तिच्या शेजारचे एक आबा सेट घेऊन एस.टी.नं कराडपर्यंत आले. मांडीवर सेट, चार तास! मी तक्रारवही उघडली.

"चित्र दिसत नाही का, आबा?"

"दिसतंय की. ब्येस दिसतंय."

"आवाज?"

"आवाज बी खणखणीत."

"मग बिघडलंय काय?"

"बातम्यांत बिघाड हाय. तीन वरसं झाली, रोज सांगतंय की पाऊस येनार, पाऊस येनार. आमच्याकडं थेंब न्हाई. तुमच्या नणंदबाई म्हनल्या, भावाला दावा, त्यो करंल दुरुस्त."

नणंदेची थट्टा होती, हे आबांना कळत नव्हतं असं नाही. डोळे मिचकावत होते. त्यांना कराडात लेकीकडे यायचं होतं आणि तिच्यासाठी जुना सेट आणायचा होता. पण वहीत लिहून घ्या म्हणून हटूनच बसले. शेवटी मी लिहिलं, 'चित्र ठीक, आवाज ठीक, पाऊस खोटा.' ती वही अजून माझ्याकडे आहे.

*

एकदा पुण्याहून एका कंपनीचा माणूस रंगीत माहितीपत्रक देऊन गेला. त्यात हाय डेफिनिशनचं म्हणून एक मोठं चित्र होतं. फांदीला लालभडक सफरचंद, त्यावर दवाचे थेंब. ह्यांना ते इतकं आवडलं, की एका निकामी सेटची काच काढून त्या खोक्यात ते चित्र बसवलं, मागे ट्यूब लावली आणि सेट ठेवला दुकानाच्या दर्शनी भागात. "लोकांना कळू दे तरी, काय येणार आहे ते!"

दुपारी एक फेटेवाले गृहस्थ आले. ऊन चुकवायला टेकले असतील. त्या सेटसमोर स्टुलावर बसले आणि बघत राहिले. पाच मिनिटं झाली, दहा झाली. मी म्हटलं, असू दे, बसलेत.

अखेर ते उठले आणि ह्यांना म्हणाले, "दादा, चित्र एकच नंबर हाय. असं कुठं बघितलं न्हाई."

ह्यांची छाती फुगली. "मग! हजार रेघा आहेत!"

"त्ये खरं. पर गोष्ट लय सावकाश चाललीया!"

*

सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवची दिवाळी असेल. एक उंच, सावळा माणूस दुकानात आला. केस बारीक कापलेले, पाठ ताठ. म्हणाला, "मी संपत. गजराबाईंचा."

मी तर हरखूनच गेले. टोपीखालचं तोंड एवढ्या वर्षांनी दिसत होतं! चहा मागवला. तो संकोचून बसला होता. हे म्हणाले, "अहो, तुम्हाला दरवर्षी बघतो आम्ही. तिसरी ओळ!"

त्यानं कप खाली ठेवला.

"दादा, त्याचंच सांगायला आलोय. मी परेडला कवाच नव्हतो."

"पयल्या वर्षी निवड झाली ती खरी. आयत्या वेळी पाय मुरगळला आन नाव कटलं. तवर पत्र घरी गेलं हुतं. सुट्टीला आलो तर आई गावभर सांगत हिंडतीया, 'संपतला मी डोळ्यांनी बघितला.' आता काय सांगू? मी लंगरात असतो. चारशे मानसांच्या पोळ्या बघतो. दरवर्षी आई विचारती, औंदा बी तिसरी ओळ न्हवं? मी म्हनतो, व्हय."

लंगर म्हणजे पलटणीचं स्वयंपाकघर, हे मला त्या दिवशी कळलं.

हे म्हणाले, "मग त्यात लाजण्यासारखं काय आहे? चारशे माणसं जेवतात की!"

"लाजत न्हाई, दादा. पर तिचं ते बघितल्यालं खोटं व्हईल." त्यानं कप परत उचलला. "तुमचं ते हजार रेघांचं टीव्ही कवा येनार?"

"येईल की. दोन वर्षं. फार तर तीन."

"माझी पेन्शन व्हायला चार वरसं हायत," संपत म्हणाला. "तेवढं जरा थांबवता आलं तर बघा की!"

*

पुढच्याच सव्वीस जानेवारीची गोष्ट.

आदल्या आठवड्यात ह्यांनी नवीन उंच अँटेना आणि बूस्टर बसवला होता. सेटही नवा, मोठा. हाय डेफिनिशन नव्हतं ते, पण सकाळी चित्र लावलं आणि मीच ओरडले, इतकं स्वच्छ! हे लहान मुलासारखे नाचायचे बाकी होते. "बघ, बघ! कोटाची बटणं मोजता येतात! बबन, वर नुसता उभा राहा, कशाला हात लावू नकोस!"

दुकानाबाहेर गर्दी जमली. तेवढ्यात मावशी आल्या. शेंगा ठेवल्या. डोळ्यांवर नवा चष्मा!

"मोतीबिंदू काढला, बाई. म्हटलं, औंदा माजी बाजू तरी नीट करावी!"

मी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांचा चेहरा उतरला होता. लोकांनी मावशींसाठी वाट केली आणि त्या सेटच्या अगदी कडेला, नेहमीच्या स्टुलावर बसल्या. पदरानं चष्मा पुसून परत लावला.

परेड सुरू झाली. एकेक तुकडी येत होती, एकेक चेहरा लख्ख. मिश्या, भुवया, हनुवटीखालचा पट्टा. "वा दादा, वा!" लोक म्हणत होते. मग संपतची पलटण आली. पहिली ओळ गेली, दुसरी गेली. कॅमेरा जवळ आला.

आणि सगळ्या चित्रावर भसकन मुंग्या पसरल्या!

"अहो दादा! आत्ताच काय झालं?"

हे सेटच्या मागे वाकून उभे होते, अँटेनाची वायर हातात. "लूज कनेक्शन," एवढंच म्हणाले. छपरावरून बबनभाऊ ओरडत होते, "आलं का? आलं का?" ज्या माणसानं मुंग्या घालवण्यात आयुष्य घातलं, तो कपाळाचा घाम पुसत त्या मुंग्यांकडे बघत होता.

मावशींनी बोट पुढे केलं आणि एका टोपीवर ठेवलं.

"ह्यो बगा. तिसऱ्या वळीत. ह्यो माजा संपत."

"व्हय मावशी," हे म्हणाले. "तोच."

पलटण पुढे गेली. मावशी उठल्या, पदर खोचला, पिशवी घेतली. दरवर्षी दारात उभं राहून 'कवा येनार' विचारायच्या, त्या वर्षी विचारलं नाही. उंबऱ्यापर्यंत गेल्या आणि मागे वळून ह्यांना म्हणाल्या,

"दादा, ती वायर बसवा आता. बाकीच्यांना बघू द्या."