कोपऱ्यात सापडल्यावर

प्रफुलला मी आयुष्यात एकदाच हरवलं, आणि तेही त्याला शिंक आली म्हणून.

आज त्याला जाऊन वर्ष झालं.

ज्यांना तो माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. प्रफुल म्हणजे रायपूरजवळच्या चरोद्याच्या रेल्वे कॉलनीतला माझा कॉलेजपासूनचा मित्र. फायटिंग गेम हा आमचा धर्म, आणि त्याच्या घरचा टीव्ही हे देऊळ.

त्याला सिकल सेल हा रक्ताचा आजार होता. लहानपणापासून. थंडी लागली, दगदग झाली की सांधे धरायचे, मग कितीतरी दिवस अंथरुणात.

म्हणून त्याचा गेम वेगळा होता. आम्ही सगळे वेड्यासारखी बटणं बडवायचो. तो बोटं राखून खेळायचा.

अर्धं पाऊल मागे. बस, तेवढंच.

माझा ठोसा हवेत जायचा, आणि मी सावरेपर्यंत त्याची लाथ बसलेली असायची.

इतकी चिडायचे, की एकदा कंट्रोलर सोफ्यावर आपटला. तो शांतपणे म्हणाला, "सोफा बाबांचा हाये. हळू."

मग एक दिवस त्यानेच मला शिकवायला घेतलं. दया आली असावी.

"तुले मारणं लई सोपं हाये," तो म्हणाला. "कोपऱ्यात गेली का उडी मारते. पडून उठली का लगेच बटण दाबते. मले काही करावं लागत नाही, मी फक्त वाट पाहतो."

"मंग काय करू?"

"काहीच नको करू."

"म्हणजे?"

"म्हणजे आज पूरी शाम एक भी बटन नहीं. फक्त मागंपुढं चाल आन् ब्लॉक कर. मार खाय. पाह्य मी काय करून राहिलो ते."

मी मार खाल्ला. संध्याकाळभर. त्याची आई, म्हणजे आमची मावशी, चहा ठेवता ठेवता म्हणाली, "कावून मारून राहिला रे तिले?"

"शिकवून राहिलो, आई."

त्याचं म्हणणं असं की सवय मोडायची म्हणजे तिच्या जागी घाईघाईत दुसरं काही करायचं नाही. तीही सवयच होते, आणि समोरचा तीही ओळखतो. आधी घाबरून हात जातो ना, तो थांबव. थांबलीस की समोरचा काय करतोय ते दिसतं. मग ठरव. ब्लॉक, नाहीतर पाऊल मागे, नाहीतर खरंच उडी.

हे मला समजलं. हातात मात्र कधी आलं नाही. रायपूरच्या एका टूर्नामेंटमध्ये पहिल्याच राउंडला कोपऱ्यात गेले, उडी मारली, संपले. मागे हा हसत होता. माझा समोसाही मला न विचारता खाऊन टाकला.

गेल्या वर्षी दुखणं छातीत उतरलं. दवाखान्यात नेलं, तिथून तो परत आला नाही.

आता मावशीबद्दल.

दुखो न दुखो, संध्याकाळ झाली की मावशी पाणी तापवायची, रबरी पिशवी भरायची आणि त्याच्या गुडघ्यांवर ठेवायची. गुडघ्यावर पिशवी, हातात कंट्रोलर, असाच तो खेळायचा.

तो गेल्यावरही ती पाणी तापवते. रोज.

कॉलनीतल्या बाया मला म्हणतात, समजाव तिला. काका, म्हणजे प्रफुलचे बाबा, म्हणतात, राहू दे. मी काहीच म्हणत नाही, कारण तेव्हा मी तिथे नसतेच. रविवारी जाते, गप्पा मारते, आणि मावशीने गॅसवर पातेलं ठेवलं की स्कूटीची किल्ली माझ्या हातात.

"निघते मावशी, घरी रुआबांध्याले पोचाले उशीर होते."

उशीरबिशीर काही होत नाही. मला ते बघवत नाही, एवढंच. आणि खरं सांगू का, दमलेय मी. ऑफिसने दमते, घरच्या कामाने दमते, पण एक माणूस नसण्याने जेवढी दमलेय तेवढी कशानेच नाही.

आज त्याच्या पहिल्या स्मृतिदिनाचं पुण्यानुमोदन होतं. सकाळी बुद्धवंदना झाली, पाहुणे जेवले, खीर उरली. संध्याकाळी काका शेवटच्या पाहुण्यांना स्टेशनवर सोडायला गेले. घरात मावशी आणि मी. बाहेर यार्डात मालगाडीचे डबे आपटत होते.

मावशी उठली. पातेलं घेतलं. गॅस लावला.

माझा हात किल्लीवर गेला.

आणि वर्षभरात पहिल्यांदा मला तो हात जाताना दिसला.

काहीच नको करू.

किल्ली टेबलावर ठेवली आणि बसून राहिले. पाणी तापलं. मावशीने पिशवी भरली, झाकण आवळलं, पदराने पुसली आणि खोलीत आली. मला पाहून थबकली.

"गेली नाही तू?"

"नाही."

"उशीर होईन ना तुले."

"होऊ दे."

ती पिशवी घेऊन प्रफुलच्या पलंगापाशी उभी राहिली. रोज ती इथेच ठेवत असणार, रिकाम्या गादीवर. पण आज कोणीतरी बघत होतं, तिला ते जमेना. मला काहीतरी बोलावंसं वाटलं, फार वाटलं. पण तीही घाईच झाली असती.

मग ती माझ्या शेजारी सोफ्यावर येऊन बसली. पिशवी स्वतःच्या गुडघ्यांवर ठेवली.

"माहे बी गुडघे दुखते वं," म्हणाली. "लई दिवसापासून."

वर्षभरात तिने आपलं काही दुखतं असं पहिल्यांदाच सांगितलं.

मी तिचे पाय चेपत बसले. दोघी रडलो. काका आले तेव्हा पिशवी गार झाली होती आणि आम्ही तशाच बसलो होतो.

प्रफुल, गेममध्ये मी अजून उडी मारते. आज मारली नाही. तू बघायला हवा होतास, आणि माझ्या वाटीतली खीर पळवायला.

आराम कर आता. आईजवळ मी बसते.