नकार समोर बसून

आमच्या कॉलेजचं विद्यापीठ झालं आणि पहिला कुलगुरू म्हणून माझी नेमणूक झाली. कॉलेजच्या प्रमुखाच्या खुर्चीवर तोवर धर्मगुरूच बसत आले होते. मी संसारी माणूस, संख्याशास्त्राचा मास्तर, रविवारी चर्चमध्ये मागच्या बाकावर बसणारा.

संस्थापक फादरांनी घालून दिलेला एक नियम होता. ज्याला प्रवेश द्यायचा नाही, त्याला चिठ्ठी पाठवायची नाही. बोलवायचं, समोर बसवायचं आणि प्रमुखानं स्वतःच्या तोंडानं सांगायचं. त्याआधी एक प्रश्न विचारायचा : इथंच का यायचं होतं? उत्तर पूर्ण ऐकायचं, मगच नाही म्हणायचं.

मी नवा असताना फादरांच्या शेजारी बसून असे नकार पाहिले आहेत. एकदा नागपूरला लागून असलेल्या वाडीच्या गोदामात हमाली करणारे एक गृहस्थ मुलाला घेऊन आले होते. फादरांनी सगळं ऐकलं, 'नाही' म्हणून सांगितलं आणि त्यांच्यासमोरच दुसऱ्या कॉलेजात फोन लावून मुलासाठी शब्द टाकला. जाताना ते गृहस्थ म्हणाले, "नाही म्हणायले इतका वेळ काढला साहेब, हो म्हणायले किती काढता?" फादर हसले. ते गृहस्थ हसत नव्हते.

विद्यापीठ झाल्यावर शेकड्यांत येणारे अर्ज हजारांत यायला लागले. मी कागद घेऊन हिशेब मांडला. एका नकाराला दहा मिनिटं धरली, तरी जूनमध्ये बसलेला माणूस दिवाळीलाच उठेल. मी ती पद्धत बंद केली. यादी संकेतस्थळावर लागेल, बाकीच्यांना मोबाइलवर संदेश जाईल. त्याच बैठकीत प्रमुखाच्या मर्जीनं भरायच्या जागाही काढून टाकल्या, कारण त्या ओळखीपाळखीत जायला लागल्या होत्या. दुसऱ्या निर्णयावर बरीच ओरड झाली. पहिल्यावर फक्त एक माणूस बोलला.

संस्थापकांबरोबर काम केलेले एक म्हातारे फादर आवारातच राहतात. मूळचे गोव्याचे, पण उभं आयुष्य नागपुरात गेल्यानं बोलणं इथलंच.

"काहून गा, लोकायचे तोंड पाहायचा भेव वाटते का तुले?"

"फादर, वेळ पुरत नाही."

"वेळ आमाले बी पुरत नव्हता."

मी त्यांना हिशेबाचा कागद दाखवला. त्यांनी तो चष्मा लावून वाचला, "बरोबर आहे" म्हणाले आणि परत दिला. याचाच मला जास्त राग आला.

गेल्या वर्षी माझ्या धाकट्या मुलीनं आमच्याकडे अर्ज केला. यादी लागली. तिचं नाव शेवटच्या नावाच्या खाली राहिलं, फार खाली नाही. त्याच संध्याकाळी संस्थेच्या खजिनदारांचा फोन आला. "सर, एक जागा वाढवायचा अधिकार मंडळाला आहे. संस्थापक असते तर त्यांनी घरच्या लेकराला दारात उभं ठेवलं नसतं." मी म्हणालो, उद्या सकाळी कळवतो.

घरी पोचलो तर पत्नी दारातच. "जगाचे लेकरं पोटाशी धरता, अन् आपली पोट्टी घंटाभरापासून मोबाइल घेऊन बसून राहिली."

मुलगी जेवणाच्या टेबलाशी होती. "बाबा, मले मेसेज आला. 'आम्हांस खेद आहे.' खाली कुलगुरू. तुम्ही पाठवला का?"

"तो आपोआप जातो."

"मग तुम्ही सांगा. फादर सांगायचे तसं."

मी तिच्यासमोर खुर्ची ओढून बसलो आणि विचारलं, इथंच का यायचं होतं?

"लहानपणापासून तुमच्या त्या आवारात येऊन राहिली मी. मले दुसरं कॉलेज डोळ्यासमोर येतच नाही. बाकीचे फॉर्म तुम्ही म्हटलं म्हणून भरले."

मी गुणांबद्दल, जागांबद्दल काही बोलायला लागलो. ती म्हणाली, "आकडे नका सांगू, बाबा."

"तुला आम्ही घेत नाही," मी म्हणालो.

पत्नी ओट्याशी होती. तिनं गॅस बंद केला.

"घेता आलं असतं?"

"अजूनही येतं. उद्या सकाळी मी हो म्हटलं तर."

"मग?"

"तुझ्या वरच्या नंबरावर असून बाहेर राहिलेली मुलं आहेत. त्यांना काय तोंड दाखवू?"

ती शांतपणे म्हणाली, "पण त्यांना तर तुम्ही तोंड दाखवणारच नाही. त्यांना मेसेजच गेला."



सकाळी खजिनदारांना 'नाही' असं कळवलं. मग कार्यालयात सांगितलं, नकाराचा संदेश पुन्हा पाठवा आणि खाली एक ओळ घाला : ज्यांना भेटायचं आहे, त्यांच्यासाठी कुलगुरू दुपारी कार्यालयात बसतील. माझा जुना हिशेब सगळे येतील असं धरून केलेला होता. सगळे येत नाहीत. थोडे आले, आणि त्या थोड्यांनीच माझ्या दुपारी भरल्या. दुसऱ्या कॉलेजात फोन लावले, काहींनी उचलले नाहीत. शहरातल्याच जरीपटका वस्तीतून आलेल्या एक बाई माझं वाक्य पुरं व्हायच्या आधीच उठून गेल्या. मुलगी आता दुसऱ्या कॉलेजात जाते. माझ्याशी बोलते, पण अभ्यासाचं काही विचारत नाही. पूर्वी विचारायची.

म्हाताऱ्या फादरांना हे सांगितलं. शाबासकी वगैरे काही नाही. "तुह्या मागून येणारा बंद करन हे," एवढंच म्हणाले. म्हणून ते विद्यापीठाच्या नियमावलीत घातलं. विभागप्रमुखांनी पाळीपाळीनं बसायचं. आपल्याच कर्मचाऱ्यांच्या मुलांचे नकार मात्र कुलगुरूनं स्वतः द्यायचे, ते दुसऱ्या कुणावर ढकलायचे नाहीत.

यंदाची यादी लागली, आणि या आठवड्यात आमच्या एका प्राध्यापिकेच्या मुलाला बोलावलं आहे. आई-मुलगा दोघंही येणार आहेत. त्या माझ्याबरोबरच नोकरीला लागल्या होत्या. पहिलं वाक्य काय बोलायचं, ते अजून ठरलेलं नाही.