प्रतापची किडनी जुळली होती

"अम्मा, दोन्ही किडन्या जवळजवळ गेल्यात," डॉक्टर रिपोर्ट माझ्यापुढे सरकवत म्हणाले. क्रिएटिनिन फार वाढलं होतं. क्रिएटिनिन म्हणजे किडनीनं गाळायची घाण रक्तात किती साठली, ते सांगणारा आकडा. मी बाई शहाणी! तंजावूरजवळच्या तिरुवैयारूच्या शाळेत उभं राहून शिकवते म्हणून पाय सुजतात, असं समजून वर्षभर गप्प बसले होते. तुमचे पाय सुजले तर असला शहाणपणा करू नका.

मग डायलिसिस. आठवड्यातून तीनदा, चार-चार तास, रक्त यंत्रातून धुऊन परत अंगात. त्यासाठी हातात फिस्टुला करतात, म्हणजे दोन रक्तवाहिन्या जोडून एक जाड शीर तयार करतात. तिच्यात दोन सुया. त्या टोचायची टेक्निशियन मेहरून. तिचा हात इतका हलका, की तिची सुट्टी असली की मला रडूच यायचं.

सोबतीला धाकटा भाऊ प्रताप यायचा. त्याची किडनी जुळली तेव्हा मी त्याच्या गळ्यात पडून रडले. ऑपरेशन पुढच्या महिन्यात ठरलं. डॉक्टर त्याला म्हणाले, "टेबलावर जाईपर्यंत तुम्ही नाही म्हणू शकता." प्रताप हसला. "अक्काला नाही कसं म्हणेन?"

प्रताप एका संघटनेत होता. नाव धर्माचं, काम निवडणुकीचं. मागच्या वर्षी तिच्या मिरवणुकीनंतर मशिदीच्या गल्लीतली दुकानं जळली. खटला अजून चालू आहे. "उगाच बदनामी चाललीय आमची," प्रताप म्हणायचा, आणि मी मान डोलवायचे. खरं सांगू? किडनी हवी होती मला.

आम्हा तंजावूरच्या मराठी मंडळींना एक वाईट खोड आहे. चारचौघांत काही लपवायचं असलं की मराठीत बोलायचं. भाजीवाल्यासमोर, बसमध्ये, दवाखान्यात. इथे कुणाला कळतंय! एका बुधवारी मेहरून सुई टोचत होती आणि प्रताप शेजारी बसून फोनवर खुशाल सांगत होता, "शुक्रवारी नमाज सुटताना मिरवणूक त्याच गल्लीत वळवायची. दगडांची गाडी आधीच मागे लावा. पेट्रोलचं मी बघतो."

मला कापरं भरलं. प्रताप कॉफी आणायला गेला तशी मेहरून हळूच म्हणाली, अगदी आमच्या मराठीत, "अक्का, हात हलवू नका. रक्त येईल."

तिची आई राजवाड्यामागच्या आमच्या आळीत घरोघरी शिवणकामाला यायची. पोर तिथेच खेळत मोठी झाली. म्हणजे डायलिसिस सुरू झाल्यापासून आठ महिने ती आमचं सगळं ऐकत होती! आणि आता राहायला त्याच मशिदीच्या गल्लीत.

"पोलिसांत सांग ना गं," मी म्हटलं.

"माझं कोण खरं मानेल, अक्का?" एवढंच बोलून ती पुढच्या पेशंटकडे गेली. माझ्याकडे तिनं काही मागितलं नाही.

चार तास मी नळीतून फिरणारं माझं रक्त बघत पडून राहिले. प्रताप परत आला, एसी फार आहे म्हणत त्यानं माझ्या पायांवर शाल घातली. वाईट भाऊ नव्हता हो तो! तेच तर मेलं कठीण.

गुरुवारी मी एकटीच ऑटोनं पोलीस अधीक्षकांच्या कचेरीत गेले आणि जबाबावर सही केली. आरोपीशी नातं काय, असं विचारलं. सख्खी बहीण, म्हटलं.

शुक्रवारी दगडांची गाडी सापडली. मिरवणूक दुसऱ्या रस्त्यानं गेली. गल्लीत काही झालं नाही.

प्रतापला अटक झाली, मग तो जामिनावर सुटला. डॉक्टरांनी मला बोलावलं. "डोनरनं माघार घेतली, अम्मा. कारण आम्ही विचारत नाही." आता मी मृत दात्याच्या किडनीसाठी थांबलेल्यांच्या यादीत आहे. नंबर कधी लागेल, कुणी सांगू शकत नाही.

हल्ली दवाखान्याच्या गेटपाशी संघटनेचे दोघे मोटरसायकलवर बसलेले असतात. बोलत काही नाहीत. मी आत जाताना बघतात, बाहेर येताना बघतात. भीती वाटते. फार वाटते.

तुमच्यावर डायलिसिसची वेळ आली तर खचू नका, माणसं वर्षानुवर्षं जगतात. पाणी मोजून प्या, फिस्टुलाच्या हातानं जड उचलू नका. आणि सुई टोचणाऱ्या माणसाचं नाव, घर, विचारून ठेवा. मी ते आठ महिने विचारलं नव्हतं.

परवा मेहरूनला म्हटलं, "त्या बुधवारी सगळं कळत होतं तुला. मग तुझा हात कसा गं हलला नाही?"

ती सुईवर चिकटपट्टी लावत होती. म्हणाली, "तुम्हाला दुखलं असतं ना, अक्का."